चौदा तारखेचा आकडा

“हा आकडा खोटा कसा बोलेल, बाबा?”

जनूने मोबाइल सोमगिरीबाबांच्या नाकाशी धरला. चपला काढायचंही त्याला भान नव्हतं.

खाडीवरच्या टेकडीवर बाबांचा मठ. मठ कसला, दोन खोल्या आणि एक धुनी. पण गोसावी होण्याआधी या माणसाने एका जहाज कंपनीत तीस वर्षं ई-मेलचं यंत्र सांभाळलं होतं. गावाला त्याचं मोठं अप्रूप. म्हणून तर जनू धावत टेकडी चढला होता.

त्याचा थोरला भाऊ अनंत जहाजावर खलाशी. अकरा तारखेला तो समुद्रात पडला, असं कंपनीने कळवलं. देह सापडला नाही. मग चौदा तारखेला त्याचा मेल आला. उशिरा पोचला असेल, सगळे म्हणाले. पण नाक्यावरच्या सायबरवाल्याने मेलच्या पोटात दडलेला लांबलचक आकडा काढून दाखवला. “मेल जन्माला येतानाच हा पडतो,” तो म्हणाला. आकड्याची सुरुवातच चौदा तारखेने होती.

आज घरी भटजी आले होते. देह नसला की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. अग्नी द्यायचा जनूने. त्याने पानांची टोपली अंगणात उधळली आणि तडक निघाला.

“चौदाला दादा जिवंत होता. जिवंत माणसाला जाळू मी?”

बाबांनी त्याला आधी पाणी दिलं.

“आकड्याचा शेवट वाच.”

सातवीत शाळा सुटलेल्या जनूने एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचला.

“हे किनाऱ्यावरच्या यंत्राचं नाव. जहाजावरचं पत्र पेटीत पडून राहतं, जनू. संपर्क लागला की किनाऱ्यावर येतं. आकडा नसलेल्या पत्राला ते यंत्र आपला लावतं. मी सांभाळायचो तेही लावायचं. चौदा ही पत्र किनाऱ्याला लागल्याची तारीख, लिहिल्याची नव्हे.”

“मग असतो तरी कशाला तो? आमच्यासारख्यांनी बघूच नये?”

“एकाच्या पत्राचं उत्तर दुसऱ्याच्या पत्राला चिकटू नये, म्हणून असतो. तोच आकडा पुन्हा निघाला नाही की झालं. आत तारीख असो, नाहीतर उलटीसुलटी अक्षरं. यंत्राचं यंत्राला कळतं.”

“मी रोज वाचतो तो! पाठ आहे मला!”

“म्हण बघू.”

जनूने डोळे मिटले आणि आकडा धडाधडा म्हटला. अंक, अक्षरं, मधली टिंबंसुद्धा. बाबा पडद्यावर बोट फिरवत होते. बोट कुठेच अडलं नाही.

“शाबास रे वाघा! तीस वर्षांत मला एक पाठ झाला नाही.”

बाबा थट्टा करत नव्हते. एवढं जाणणारा माणूस आपल्याला शाबासकी देतो आहे, या विचाराने जनूचा ऊर भरून आला.

बाबांनी मोबाइल जमिनीवर पालथा ठेवला.

“आता पत्र म्हण.”

जनूने मोबाइलकडे हात नेला.

“त्याने काय लिहिलंय?”

जनूला पत्रातलं एक वाक्यही आठवेना. धुनीत एक लाकूड खचलं. त्याने मोबाइल उचलून वाचलं...

“जनू, आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? या खेपेची तारीख चुकवू नको.”

“झालं?”

“नाही... दादा गेल्यावर कोण नेणार होतं तिला?”

‘गेल्यावर’ हा शब्द तोंडातून सुटला आणि जनू गुडघ्यांत डोकं घालून रडू लागला. महिनाभर कुणी हा शब्द काढला की तो अंगावर धावून जायचा. आज त्याचा तोच बोलला होता.

बाबांनी त्याला रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही, उपदेश केला नाही.

अखेर जनूने बाहीने तोंड पुसलं.

“भटजी थांबलेत, बाबा. जाऊन अग्नी देऊ?”

“त्यांना थांबू दे. आधी आईचं ऑपरेशन होऊ दे... पानांचा का होईना, तिलाही शेवटचा बघायचा असेल मुलगा.”