न विझलेला दिवा

"दिवा?"

नावेतून उतरता उतरता धरणीनाथांनी एवढंच विचारलं.

"तेवतोय, महाराज!" त्यांचा शिष्य केवलनाथ म्हणाला. अंगभर राख, ओठ फुटलेले, पण मान ताठ. हातातला कंदील त्यानं उंच धरला. "डोंगर फुटला, आकाशातून दगड बरसले, तरी विझू दिला नाही. तुम्हाला दाखवायला तसाच घेऊन उतरलो."



भर दुपार होती, पण राखेनं आभाळ झाकून असा अंधार केला होता की समोरचा माणूस धड दिसत नव्हता. वैशाखात लोक कुडकुडत होते. किनाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच, आणि तो खायला एक पाखरू नाही. पायथ्याचं गाव तर उरलंच नव्हतं. राखेतून एका माडाचा शेंडा तेवढा वर आला होता.

त्या बेटाची रीत साधी होती. डोंगरावरच्या मठीत दिवा दिसतोय तोवर खुशाल झोपा. विझला, की पोरंबाळं उचला आणि होड्यांकडे पळा. शेजारच्या बेटावर जाताना धरणीनाथ शिष्याला बजावून गेले होते, 'रानातली हरणं खाली पळाली, की दिवा विझव.'

"हरणं उतरली होती?" त्यांनी विचारलं.

"उतरली असतील. मठीसमोरून खुरांचा आवाज आला खरा."

"असतील?"

"मी ध्यानात होतो, महाराज. डोळे उघडले नाहीत. पाखरं ओरडली, जमीन हलली... म्हटलं, ही सगळी विघ्नं. माझी साधना मोडायला आलीत."

"आणि तेल?"

"चाचपून घालत होतो."

डोळे मिटून, चाचपून! काय म्हणावं या माणसाला?

"माझ्या तपानं डोंगर शांत होणार, याची खात्री होती मला," केवलनाथ म्हणाला.

नावेच्या काठाला धरून गोजराबाई उभी होती. पायथ्याच्या गावची. पहाटेच मासळी विकायला पलीकडच्या बेटावर गेली, म्हणून वाचली, आणि आता महाराजांच्याच नावेतून परतली होती.

"काल सांजेला जमीन हलली तशी बोचकी बांधली होती आम्ही," ती म्हणाली. "सून म्हणाली, आत्याबाई, दिवा दिसतोय की. मग सोडली परत."

"सून कुठंय?" केवलनाथानं विचारलं.

गोजराबाईनं माडाच्या शेंड्याकडे बोट केलं.

  केवलनाथानं कंदील दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता.

डोंगर पुन्हा गुरगुरला...

धरणीनाथ पुढे झाले. त्यांनी कंदिलाची काच वर केली आणि फुंकर घातली.

"महाराज!" केवलनाथ किंचाळला. "हे काय केलंत?"

क्षणभर काहीच झालं नाही.

मग किनाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाकडून हाक आली. तिथं माडवाडी होती, अजून उभी असलेली. "विझला! दिवा विझला! पळा!" अंधारात भांडी पडली, कुत्री भुंकली, पोरं रडू लागली. बाया म्हाताऱ्यांना ओढत पाण्याकडे धावत सुटल्या. एकेक होडी धडाधड पाण्यात पडू लागली.

केवलनाथ ऐकत होता. 

"ही माणसं... अजून इथंच होती?"

"तू डोंगर उतरत होतास ना, कंदील घेऊन," गोजराबाई म्हणाली. "दिसत असणार त्यांना."

तो मटकन राखेत बसला. विझलेला कंदील पोटाशी धरून हुंदके देऊ लागला.

माडवाडीची शेवटची होडी किनाऱ्यापासून सुटली, आणि वर डोंगरानं लाल तोंड उघडलं. ती उतरणारी आग सगळ्यांनी पाहिली. ती वाडीकडेच चालली होती.

"मी तर तो जिवापाड जपला, महाराज," केवलनाथ पुटपुटला. "तुम्हीच माझ्या हाती दिला होतात ना?"

धरणीनाथांनी त्याला दंडाला धरून उठवलं आणि नावेत बसवलं.

"जळत ठेवायला तेल होतंच की, बाळा. तुला ठेवलं होतं ते विझवायला."