भिंगरीची नवी पिसं

फार पूर्वी ओढ्याकाठच्या जांभळावर भिंगरी नावाची साळुंकी राहायची. एकदा ससाण्याने तिच्या पंखाची पिसं उपटली. जीव वाचला, पण उडता येईना. फांदीवर बसून ती नुसती जांभळं खायची.

शेजारचा सुतारपक्षी म्हणाला, "अगं, गोडाने पोट भरतं, पिसं येत नाहीत. अळ्या खा, किडे खा."

"ते खाली मिळतात. तिथे मुंगूस फिरतं!"

"फिरतं. पण तुझी पिसंही तिथेच आहेत."

भिंगरीने आधी खाली डोकावून पाहिलं. मग ती फांदीफांदीने खाली उतरली. रोज पाचोळा उकरायची, चाहूल लागली की काटेरी झुडपात शिरायची.

हळूहळू नवी पिसं फुटली. भिंगरी उडाली ती थेट जांभळावरच्याच एका घरट्यात. तिथलं पिल्लू फांदीवर आपटून पंखाला दुखावलं होतं, ते तिने खालून पाहिलं होतं. त्याच्या चोचीत अळी ठेवून ती म्हणाली, "गीळ, बाळा. तुला उडायचंय."