कधीच न हरलेला सम्राट

सुवर्णावती नगरीत रुद्रघोष नावाचा एक सम्राट होऊन गेला. समुद्रापासून हिमालयापर्यंत त्याचाच अंमल. त्याच्याकडे सगळं होतं, एक खेळगडी तेवढा नव्हता. आणि तो त्याने आपल्याच हाताने घालवला होता.

त्याचं असं झालं. माळ्याचा मुलगा नागिल हा त्याचा लहानपणापासूनचा सोबती. दोघे रोज संध्याकाळी सारीपाट मांडत. बहुतेक डाव नागिलच जिंकायचा आणि वर राजाला चिडवायचा. एकदा परदेशी दूतांच्या देखत त्याने राजाची सोंगटी मारली. दूत हसले. राजाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने हुकूम काढला, "सम्राट हरत नसतो. रणात नाही आणि पटावरही नाही." ही ओळ दगडी खांबांवर कोरली गेली आणि ते खांब गावोगावच्या वेशीवर उभे राहिले. नागिल घोंगडी खांद्यावर टाकून आपल्या गावी निघून गेला.

मग काय विचारता! राजा रोज जिंकू लागला. प्रधान हरला, सेनापती हरला, राणीसुद्धा हसत हसत हरली. पुढे राणी गेली, बरोबरीचे गेले. म्हातारा सम्राट रिकाम्या महालात एकटाच दोन्ही बाजूंचे फासे टाकू लागला. फार एकटा पडला बिचारा.

शेवटी पट काखेत मारून त्याने नागिलाचं गाव गाठलं. नागिलही आता काठी टेकत चालत होता.

"नागिला, एक डाव मांडू, पूर्वीसारखा," राजा म्हणाला. "मला एकदा हरव बाबा. मग मी सुखाने डोळे मिटीन."

अंगणात डाव रंगला. नागिलाला हवं तेच दान पडलं. राजाची सोंगटी ऐन माऱ्यात होती. नागिलाचा हात तिच्यापाशी थबकला. मग त्याने दुसरीच सोंगटी सरकवली.

"असं का केलंस रे?" राजा कळवळला.

नागिलाने वेशीकडे बोट दाखवलं. "महाराज, माझी नातवंडं त्या खांबावरच अक्षरं शिकली. तो दगड मी खोटा कसा पाडू?"

"तो हुकूम मी आत्ता मागे घेतो!"

"हुकूम मागे घ्याल, महाराज. पण पूर्वी मी आपल्याला 'रुद्रा' म्हणून हाक मारायचो. आता ती तोंडातून निघतच नाही."

राजाने सोंगट्या गोळा केल्या आणि पट गुंडाळला. जाताना त्याने पाथरवटाला बोलावलं आणि त्या खांबावर खाली एक ओळ कोरून घेतली : 'या गावी सम्राट हरला.'

पुढे राज्य गेलं, वंशही गेला. खांब मात्र उभा राहिला. मोठमोठे पंडित यायचे, ती ओळ वाचायचे आणि तावातावाने वाद घालायचे, की असा कोणता बलाढ्य शत्रू इथे चालून आला होता?

तात्पर्य: जो कुणालाच आपल्याला हरवू देत नाही, त्याच्यासमोर बसून खेळायला शेवटी कुणीच उरत नाही.