खालचा दगड

आयोवातल्या एका लहान गावात मक्याच्या पिठाची मोठी गिरणी होती. हॅरल्ड लिंडक्विस्ट तिथे पोती उचलायला लागला आणि चढत चढत गिरणीचा प्रमुख झाला. पुढे गिरणी विकली गेली. नवे अध्यक्ष व्हिटकोम्ब न्यूयॉर्कचे, बारा गावचं पाणी प्यालेले. त्यांना हॅरल्डच्या खुर्चीत आपला माणूस बसवायचा होता.

पहिल्याच भेटीत सगळ्या अधिकाऱ्यांदेखत ते म्हणाले, "मी अर्धा डझन कंपन्या फिरलो. तुम्ही उभा जन्म इथेच काढलात, जागचे हलला नाहीत. असा माणूस या खुर्चीत काय कामाचा?"

गिरणीच्या दाराशी एक जुनं दगडी जातं शोभेला मांडलेलं होतं. हॅरल्ड सगळ्यांना तिथे घेऊन गेला, जात्यात मूठभर मका टाकला आणि खुंटा अध्यक्षांच्या हाती दिला. अध्यक्षांनी जातं फिरवलं. भोवती पीठ पडू लागलं.

"साहेब, वरच्यासोबत खालचा दगडही फिरू लागला तर?"

"तर पीठ कसं पडेल?" अध्यक्ष बोलून गेले.

"म्हणूनच मी हललो नाही," हॅरल्ड म्हणाला. "तुम्ही खुशाल फिरा."

अध्यक्षांनी खुंटा सोडला आणि कोटावरचं पीठ झटकलं. खुर्चीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.