तुंगा हत्तिणीची माळ

राजे तलवारीने बोलत आणि हत्ती तोंडाने, त्या काळातली ही गोष्ट. चंद्रगडच्या राज्यात एक रीत होती. राजवाड्यातली तुंगा हत्तीण ज्याच्या गळ्यात माळ घालील, तोच गादीवर बसायचा.

म्हातारा राजा वारला, पण मल्हण आणि भोगदेव या त्याच्या मुलांना माळ पडेपर्यंतही धीर नव्हता. सात वर्षं ते लढले. थोरल्याने धाकट्याची गावं जाळली, धाकट्याने थोरल्याचे तलाव फोडले. दोघांचंही सैन्य संपलं, तेव्हा कुठे त्यांना रीत आठवली!

तुंगाला झूल चढवून तिच्या सोंडेत शेवंतीची माळ दिली. मल्हणने हळूच ऊस पुढे केला, भोगदेवाने गुळाची ढेप. तुंगाने दोन्ही पायाखाली चिरडलं.

"लाज कशी वाटत नाही? कुणाच्या घरातून ओढून आणलंत हे?"

"तुंगाबाई, ओरड नंतर. आधी राजाच्या गळ्यात माळ घाल," मल्हण म्हणाला.

"राजा म्हणे! अरे, राज्य कुठंय? वर तटावर जा आणि चूल पेटलेलं एक तरी गाव मला दाखवा. ते ज्याचं असेल, त्याला माळ घालते."

दोघे धावत तटावर चढले. गावंच्या गावं पेटवताना धुराकडे ढुंकूनही न बघणारे ते भाऊ आता डोळे फाडफाडून एका चुलीचा धूर शोधत होते. चारी दिशांना आभाळ स्वच्छ होतं.

माना खाली घालून ते उतरले, तेव्हा तुंगा माळेतलं शेवटचं फूल चावत होती.