भोरीची तिसरी हाक

कोणे एके काळी एका ओढ्याच्या दोन काठांवर सातभाई पक्ष्यांचे दोन थवे राहत. शिकरे दिसले की अलीकडची पहारेकरीण भोरी दोन हाका घालायची. पलीकडून दोन हाका परत येत आणि सगळे झुडपांत शिरत.

पुढे भोरीने तिसरी हाक जोडली, शिकरे उगवतीकडून येताहेत हे कळावं म्हणून. पलीकडे सांगायचं तेवढं राहून गेलं.

शिकरे आले. भोरीने तीन हाका घातल्या. पलीकडचे किडे टिपतच राहिले. ऐकू गेलं नसेल म्हणून ती आणखी जोराने तीनच हाका घालत राहिली.

वाचली फक्त एक म्हातारी. ओढा ओलांडून आली नि म्हणाली, "ऐकलं गं पोरी. वाटलं, तुमच्याकडे बारसं आहे."

आता भोरी आधी दोनच हाका घालते आणि पलीकडे कान लावून बसते. मग तिच्या शेजारी बसलेली ती म्हातारीच हळूच दोन हाका परत देते.