काचेवरचं कुंकू

यंत्रं आपसांत बोलत, त्या काळची गोष्ट. बाबाजी पांचाळाने खपून काचेचा एक डोळा घडवला आणि गिरणीच्या इंजिनाच्या धुराच्या नळीवर बसवला. धूर काळा झाला की डोळा घंटा वाजवी, मग गिरणीवाला इंजिन थांबवून साफ करी.

"चुगलखोरा, गप बस की!" इंजिन चिडे.

"दादा, वर वळचणीला चिमणीची पिल्लं आहेत," डोळा म्हणे.

खंडेनवमीला गिरणीवाल्याने सगळ्या अवजारांची पूजा केली. डोळ्यालाही भक्तीने कुंकू लावलं, नेमकं काचेवर.

दुसऱ्या दिवशी गिरणी सुरू झाली.

"दादा, मला दिसत नाही. धूर कसा आहे?"

"निवळ आहे रे," इंजिन खोकत म्हणालं.

संध्याकाळी बाबाजी गिरणीत आला. त्याने काच पुसली, इंजिन साफ केलं. काजळीने काळ्या झालेल्या वळचणीला, मुक्या घरट्याशी चिमणी एकटीच बसली होती.

इंजिन हळूच म्हणालं, "घंटा वाजव ना रे."

"आता धूर निवळ आहे, दादा."